हरीण, पिस्तूल आणि काडतुसावरील कर

अमेरिकेत बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या सायलेन्सरवर १९३४ सालापासून दोनशे डॉलरांचा कर होता. नव्वद वर्षांत महागाई कोठल्या कोठे गेली, पण हा आकडा जागचा हलला नाही. आणि अखेर हलला तो थेट शून्यावर. जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय अर्थविषयक कायद्याने ही सूट दिली व १ जानेवारी २०२६ पासून ती अंमलात आली. त्यापूर्वी जून २०२२ मध्ये जॉर्जिया राज्यातील प्रतिनिधी अँड्र्यू क्लाइड यांनी बंदुका व काडतुसे यांवरील दुसरा, कितीतरी अधिक उत्पन्नाचा अबकारी कर रद्द करण्याचे विधेयक आणले होते. ते पुढे सरकले नाही. उलट कॅलिफोर्नियाने जुलै २०२४ पासून याच वस्तूंवर राज्याचा स्वतंत्र ११ टक्के कर बसविला, आणि कोलोरॅडोच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये कौल दिल्यावर तेथे एप्रिल २०२५ पासून ६.५ टक्के कर सुरू झाला. एकाच देशात एकाच मालावर एक हात कर उतरवीत आहे आणि दुसरा चढवीत आहे.

या वादाकडे आपल्याकडे पाहिले जाते ते शस्त्रस्वातंत्र्य आणि गोळीबाराच्या घटना एवढ्याच अंगांनी. ते अस्वाभाविक म्हणता येणार नाही. तथापि क्लाइड यांच्या विधेयकाला कडवा विरोध करणाऱ्यांत शिकाऱ्यांच्याच संघटना होत्या, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. आपण विकत घेतो त्या मालावरील कर कायम ठेवा, असे ग्राहकाने सरकारला विनवावे, हे उदाहरण अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शोधूनही सापडणार नाही. हे कसे घडले ते समजून घ्यावयाचे तर वरवर क्षुल्लक भासणाऱ्या एका प्रश्नापासून आरंभ करणे सोयीचे आहे. पिस्तुलाने हरीण मारावयाचे असेल तर काडतूस कोणते घ्यावे, हा तो प्रश्न. शिकारीच्या साहित्याच्या दुकानात गल्ल्यावर कोपर टेकून तासन्‌तास घोळविला जाणारा हा विषय आहे. पण त्याच्या पोटात किंमत, कायदा, कारखानदारी आणि सार्वजनिक निधी यांचे सगळे धागे गुंतलेले आहेत.

अमेरिकेतील बहुसंख्य शिकारी लांब नळीची रायफल वा छऱ्याची बंदूक वापरतात. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर घेऊन हरणामागे जाणारे थोडे. आणि हे थोडे लोकही मुद्दाम अवघड वाट धरणारे. या हौसेला बळ मिळाले ते १९३५ साली. त्या वर्षी स्मिथ अँड वेसन व विंचेस्टर या कंपन्यांनी .३५७ मॅग्नम हे काडतूस बाजारात आणले आणि त्याची ताकद पटविण्यासाठी डग्लस वेसन यांनी स्वतः त्याने मोठी जनावरे मारून दाखविली. आयडाहो राज्यातील एल्मर कीथ हा गुराखी-लेखक त्याहूनही जड गोळीचा आग्रह वर्षानुवर्षे धरीत होता. त्याच्या खटपटीला १९५५ साली.४४ मॅग्नमच्या रूपाने फळ आले. पुढे १९७१ मध्ये ‘डर्टी हॅरी’ हा क्लिंट ईस्टवुडचा चित्रपट निघाला. त्यातील पोलीस अधिकाऱ्याच्या हातातील .४४ चे रिव्हॉल्व्हर इतके गाजले की दुकानांतून ते मिळेनासे झाले. ज्यांनी जन्मात हरीण पाहिले नाही त्यांनीही ते मागितले. प्रदर्शन-प्रभाव म्हणून वर्गात आपण जे शिकवितो त्याचे इतके चोख उदाहरण विरळा.

आता आकड्यांकडे वळू. गोळीचे वजन तेथे ग्रेनमध्ये मोजतात. एका ग्रॅमचे साडेपंधरा ग्रेन होतात असे ढोबळमानाने धरावे. .३५७ मॅग्नमची १५८ ग्रेनची साधारण गोळी नळीतून सेकंदाला सुमारे १,२३५ फूट वेगाने सुटते व तिची ऊर्जा ५३५ फूट-पौंडांच्या आसपास भरते. .४४ मॅग्नमची २४० ग्रेनची गोळी सुमारे १,१८० फूट वेगाने जाते आणि तिची ऊर्जा ७४० च्या घरात येते; लांब नळीत व जोरकस भरणीत याहून अधिक. तुलनेसाठी, .३०-०६ या सामान्य रायफलीची ऊर्जा अडीच हजारांच्या वर असते. बाजारात नावांचाही घोळ पुष्कळ आहे. .४४ म्हणविणाऱ्या गोळीचा खरा व्यास ०.४२९ इंच असतो आणि .३८ स्पेशलची गोळी प्रत्यक्षात ०.३५७ इंचाचीच असते. पाटीवरच्या आकड्यावर विसंबणारा ग्राहक येथेही फसतोच.

शिकाऱ्यांत एक जुना दंडक ऐकू येतो, तो असा की हरणासाठी किमान एक हजार फूट-पौंड ऊर्जा हवी. हा दंडक शब्दशः मानला तर .४४ च्या साधारण काडतुसाने हरीण पडता कामा नये. प्रत्यक्षात सत्तर वर्षे ते पडत आले आहे. याचे कारण ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग घेतला जातो. त्यामुळे हलक्या व वेगवान गोळीचा आकडा फुगतो आणि जड, रुंद व संथ गोळीचा आकडा दबतो. जनावर मरते ते आकड्याने नव्हे. गोळी हृदय-फुप्फुसापर्यंत पोचली की नाही आणि तिने केवढे भोक पाडले यावर सारे अवलंबून असते. जड गोळी पुष्कळदा आरपार जाते व रक्ताचा माग राहतो. गुंतागुंतीची वस्तुस्थिती एका आकड्यात कोंबण्याचा हव्यास शिकाऱ्यांनाही सुटलेला नाही. दरडोई उत्पन्नाच्या एका आकड्यावरून देशाची सुखदुःखे ठरविणाऱ्या आम्हा अर्थशास्त्राच्या मंडळींनी त्यांना हसण्याचे कारण नाही.

मग अधिकात अधिक ताकदीचे काडतूस घ्यावे की काय? तशी सोय आहे. .४५४ कॅसल आहे; २००३ साली आलेले .५०० स्मिथ अँड वेसन तर अडीच हजार फूट-पौंडांपर्यंत जाते. पण ताकदीची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते, खिशात आणि मनगटात. धक्का इतका बसतो की काही गोळ्या झाडल्यावर चाप ओढण्यापूर्वीच हात दचकू लागतो व नेम चुकतो. हरणाचे मर्मस्थान साधारण आठ इंचांच्या थाळीएवढे. ज्या अंतरावरून आपल्या सगळ्या गोळ्या त्या थाळीत पडतील तेवढाच आपला पल्ला, असे जाणते शिकारी सांगतात. आणि पिस्तूल धरणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत हा पल्ला पन्नास-पाऊणशे वारांच्या पलीकडे जात नाही. तो वाढतो केवळ सरावाने. सरावाला काडतुसे लागतात व काडतुसांना पैसे. ९ मिलिमीटरचे काडतूस आजच्या बाजारात पाव डॉलरच्या आसपास मिळते, तर .४४ मॅग्नमला एक डॉलर किंवा त्याहून अधिक पडतो. म्हणून .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये स्वस्त .३८ स्पेशल आणि .४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सौम्य .४४ स्पेशल चालते, या सोयीला फार मोल आहे. वर्षभर हलक्या काडतुसाने हात बसवावा आणि हंगामापुरते जड काडतूस घालावे, हा हिशेब शहाणपणाचा. मध्यम ताकदीचे, परवडणारे व हाताला पेलणारे काडतूस हे अफाट ताकदीच्या पण न पेलणाऱ्या काडतुसापेक्षा हरणाच्याही हिताचे आहे, असे म्हणावे लागते. कारण जखमी होऊन झाडीत नाहीशा झालेल्या जनावराची गणती कोणत्याच खात्यात होत नाही.

परंतु ही निवड सर्वस्वी ग्राहकाची नाही. येथे कायदा मध्ये येतो. कोलोरॅडोच्या नियमानुसार मोठ्या जनावरासाठी पिस्तूल वापरावयाचे तर गोळीची ऊर्जा पन्नास वारांवर ५५० फूट-पौंड उरली पाहिजे. .३५७ ची साधारण गोळी नळीच्या तोंडाशीच या रेषेखाली असते; .४४ ची गोळी उत्तीर्ण होते. ओहायोत मात्र .३५७ वा त्याहून मोठ्या व्यासाची सरळ पुंगळीची काडतुसे आणि पाच इंचांहून आखूड नसलेली नळी एवढ्यावर भागते. इंडियानाने बरीच वर्षे पुंगळीची लांबी हा निकष ठेवला. ती किमान १.१६ इंच हवी. .३८ स्पेशलची पुंगळी १.१५५ इंच भरते. म्हणजे पाच सहस्रांश इंचाने एक काडतूस बेकायदा ठरते, आणि .४४ स्पेशल बरोबर १.१६ वर असल्याने ते चालते. निकष कोणताही घ्या, ऊर्जा, व्यास किंवा लांबी. उद्देश एकच आहे. दुबळ्या गोळीने जनावर तडफडत राहू नये. खरेदीदाराने केलेल्या काटकसरीचा भार मुक्या प्राण्यावर पडू नये म्हणून घातलेली ही खालची मर्यादा होय.

वरची मर्यादाही आहे आणि ती अधिक उद्बोधक आहे. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेकडील राज्ये सपाट, शेतीची आणि बऱ्यापैकी दाट वस्तीची. तेथे रायफलीची चुकलेली गोळी मैल-दोन मैल जाऊन कोणाच्या गोठ्यात वा खिडकीत शिरेल याचा नेम नाही. म्हणून या राज्यांनी हरणासाठी रायफलीला दीर्घकाळ बंदी ठेवली व छऱ्याच्या बंदुकीतून एकच जड गोळी झाडण्याची रीत पडली. पिस्तुलाची काडतुसेही संथ व कमी पल्ल्याची असल्याने तीही चालू लागली. पुढे विचार निघाला की, पिस्तुलाचे काडतूस जर धोक्याचे नाही तर तेच, किंवा त्याच घडणीचे, सरळ पुंगळीचे काडतूस रायफलीत घातले म्हणून काय बिघडते? ओहायो व मिशिगन यांनी २०१४ मध्ये, आयोवाने २०१७ मध्ये हे दार उघडले. कारखानदार टपलेलेच होते. विंचेस्टरने २०१९ साली .३५० लेजंड हे काडतूस या राज्यांचे नियम समोर ठेवूनच घडविले. २०२३ मध्ये रेमिंग्टनने.३६० बकहॅमर आणले. कायद्याने एक फट ठेवावी आणि बाजाराने तिच्या मापाचा माल तयार करावा! नियंत्रणामुळे उद्योग खुंटतो अशी तक्रार ऐकण्याची आपल्याला सवय आहे. येथे नियंत्रणानेच नवा माल जन्माला घातला.

या सगळ्या उलाढालीत प्रत्येक काडतुसामागे एक ठराविक वाटा बाजूला पडत असतो, आणि मूळ विषय तो आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मांस व कातडे यांच्या व्यापारासाठी बेसुमार कत्तल झाली. विसावे शतक उजाडले तेव्हा पांढऱ्या शेपटीची हरणे जेमतेम तीन ते पाच लाख उरली असावीत असा अंदाज आहे. १९०० च्या लेसी कायद्याने चोरट्या शिकारीच्या मालाचा आंतरराज्य व्यापार रोखला. पण रोखणे वेगळे आणि वाढविणे वेगळे. वाढविण्यास पैसा लागतो. ऐन मंदीनंतरच्या ओढगस्तीत, सप्टेंबर १९३७ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी नेव्हाडाचे सिनेटर की पिटमन व व्हर्जिनियाचे प्रतिनिधी विलिस रॉबर्टसन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर सही केली. बंदुका व काडतुसे यांवरील अबकारी कराचे उत्पन्न सर्वसाधारण तिजोरीत न जाता वन्यजीवांसाठी राज्यांना वाटले जाईल, अशी ती योजना होती. लांब बंदुका व काडतुसे यांवर ११ टक्के आणि पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर १० टक्के असा आज तिचा दर आहे. पिस्तुलांवरील उत्पन्न या निधीत आले ते १९७० च्या दुरुस्तीने.

योजनेची रचना कौतुकास्पद आहे. कर कारखानदाराकडून वसूल होतो, त्यामुळे वसुलीचा खर्च थोडा. राज्याचा वाटा निम्मा क्षेत्रफळावरून व निम्मा शिकारीचे परवाने किती विकले यावरून ठरतो. प्रत्येक योजनेचा चौथा हिस्सा राज्याने स्वतः उचलावयाचा. आणि मुख्य अट ही की, ज्या राज्याने शिकार-परवान्यांचे शुल्क अन्य कामांकडे वळविले त्याला या निधीतून एक छदामही मिळणार नाही. या शेवटच्या कलमाने राज्यांचे हात बांधले, हेच त्याचे थोरपण. आज त्या देशात पांढऱ्या शेपटीची हरणे तीन कोटींच्या आसपास आहेत. हे श्रेय एकट्या कराचे नाही. पडीक शेतांवर पुन्हा वाढलेली झाडी, लांडग्यांचा नायनाट, शिकारीचे ठराविक हंगाम, सर्वांचा त्यात भाग आहे. तरीही अधिवास खरेदी, पुनर्वसन, पाहणी आणि प्रशिक्षित नोकरवर्ग यांसाठी खात्रीचा पैसा या निधीनेच पुरविला. शिकाऱ्यांना हा कर आपला वाटतो तो यामुळे.

अडचण अशी की कर ज्यांचा वाटतो, तो भरणारे आता निराळे आहेत. प्यू संशोधन संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत बंदूक बाळगणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांनी स्वसंरक्षण हे प्रमुख कारण सांगितले; शिकार हे प्रमुख कारण ३२ टक्क्यांचे होते. २०१६ च्या राष्ट्रीय पाहणीत शिकारी सुमारे १ कोटी १५ लाख आढळले. २०२२ च्या पाहणीत १ कोटी ४४ लाख, पण पाहणीची पद्धतच बदलली असल्याने ही वाढ खरी मानणे धाडसाचे होईल. बंदुकांची विक्री मात्र वेगळ्याच तालावर नाचते. २०१२ च्या डिसेंबरात सँडी हूक शाळेतील हत्याकांडानंतर निर्बंध येतील या भीतीने विक्री उसळली. २०१७ मध्ये भीती ओसरताच ती पडली आणि रेमिंग्टनसारखी जुनी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. २०२० मध्ये साथ, दंगली व निवडणूक एकत्र आल्या आणि खरेदीपूर्व तपासणीच्या नोंदी वर्षात चार कोटींच्या घरात पोचल्या. त्यानंतरच्या वर्षांत या निधीतून राज्यांना वर्षाला शंभर कोटी डॉलरांच्या आसपास मिळू लागले. उशाशी ठेवण्यासाठी घेतलेले पिस्तूल आणि कागदी लक्ष्यावर उडविलेली ९ मिलिमीटरची काडतुसे, यांवर आज हरणाचा चारा चालतो. ज्या काडतुसाला जाणते शिकारी हरणासाठी अपुरे म्हणतात तेच हरणाचे सर्वांत मोठे आश्रयदाते ठरावे, ही विसंगती गंमतीची खरी. पण राज्यांच्या अंदाजपत्रकाला ती गंमतीची नाही.

पिस्तुलाने हरणाची शिकार करणारा हा या दोन जगांमधील दुवा आहे. तो पिस्तुलही घेतो व परवानाही काढतो. बाकी कोट्यवधी ग्राहक पिस्तूल घेतात, परवाना काढीत नाहीत. परिणामी कर वाढला तरी परवाना-शुल्क व त्यावर अवलंबून असलेला राज्याचा स्वतःचा हिस्सा त्या प्रमाणात वाढत नाही. काही राज्यांना केंद्राचा पैसा उचलण्यासाठी आपला चौथा हिस्सा उभा करण्याची विवंचना पडते. शिकारी वाढविण्यासाठीच हा निधी खर्च करण्याची मुभा २०१९ च्या डिसेंबरात देण्यात आली, यावरून चिंता किती खोल आहे ते दिसते. दुसरीकडे, आपण शिकारी नव्हे, मग हरणासाठी कर का द्यावा, असा प्रश्न नवा ग्राहक विचारू शकतो. क्लाइड यांचा युक्तिवाद याहून तात्त्विक होता. शस्त्र बाळगणे हा घटनादत्त हक्क आहे आणि हक्कावर कर असू नये, असे त्यांचे म्हणणे. प्रस्तुत लेखकास हा युक्तिवाद पटत नाही. वृत्तपत्र काढणे हाही हक्कच आहे, पण इतर धंद्यांप्रमाणेच त्यावरही सर्वसाधारण कर घेतल्याने स्वातंत्र्य बुडते असे सहसा कोणी म्हणत नाही. ते बुडते कर मुद्दाम गळचेपीसाठी बसविला तर. आणि नेमकी तीच शंका कॅलिफोर्नियाच्या नव्या कराबद्दल बंदुकवाले घेतात. त्या कराचे उत्पन्न हिंसाचार-प्रतिबंधाकडे जाते. हेतू चांगला असला तरी एका वस्तूवर केंद्र व राज्य मिळून २१-२२ टक्के कर चढला की जुन्या कराबद्दलची आपुलकीही डळमळू लागते. करदात्याची संमती ही मोठी नाजूक चीज आहे.

आणखी एका खर्चाची नोंद या हिशेबात नाही. पिस्तुलाच्या जड गोळ्या पुष्कळदा शिशाच्याच असतात. शिकाऱ्याने टाकून दिलेल्या आतड्यांत शिशाचे कण राहतात व ते खाऊन गिधाडजातीचे पक्षी मरतात. कॅलिफोर्निया काँडॉर या दुर्मिळ पक्ष्याच्या मृत्यूंत शिशाच्या विषबाधेचा वाटा मोठा आहे. त्या राज्याने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी केली. केंद्राने पाणपक्ष्यांच्या शिकारीपुरती शिशाच्या छऱ्यांवर १९९१ पासून देशभर बंदी घातलेली आहे. पण जानेवारी २०१७ मध्ये संरक्षित क्षेत्रांसाठी काढलेला व्यापक आदेश दीड महिन्यात मागे घेतला गेला. तांब्याची गोळी महाग पडते. शिसे व तांबे यांवर एकच ११ टक्के दर ठेवण्याऐवजी शिशावर अधिक व तांब्यावर कमी दर ठेवणे ही पिगूची शिकवण झाली. बंदीपेक्षा ती सौम्य आहे आणि निधीलाही तोशीस लागणार नाही. या वाटेचा विचार तेथे व्हावा तितका होत नाही, हे आश्चर्य.

मुळात सार्वजनिक हिताच्या कामाचा भार एकाच वस्तूवर टाकणे कितपत योग्य? मिसूरी राज्याच्या मतदारांनी १९७६ सालीच निराळे उत्तर दिले. सर्व खरेदीवरील विक्रीकरात एक अष्टमांश टक्क्याची भर घालून ती त्यांनी राज्यघटनेतच वन्यजीव व वनसंवर्धनासाठी राखून ठेवली. शंभर डॉलरांच्या किराण्यामागे साडेबारा सेंट. कोणाला जाणवणारही नाहीत. आर्कान्सासने १९९६ मध्ये हाच कित्ता गिरवला. हरीण पाहून आनंदणारा, हरणाला मोटार धडकवून बसणारा, गोचिडीमुळे लाइम रोगाने आजारी पडणारा, असा प्रत्येक नागरिक या व्यवहारात भागीदार आहेच. एका मोठ्या विमा कंपनीच्या अंदाजाने तेथे प्राण्यांशी होणाऱ्या वाहन-अपघातांचे दावे वर्षाला पंधरा लाखांहून अधिक असतात व त्यांत हरणांचा क्रमांक पहिला. मग खर्च केवळ काडतूस घेणाऱ्याने का सोसावा? केंद्रीय पातळीवर सर्वसाधारण तिजोरीतून राज्यांना वन्यजीवांसाठी मोठी रक्कम देणारे विधेयक जून २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाने २३१ विरुद्ध १९० मतांनी संमत केले; सिनेटमध्ये ते अडले. पैसा कोठून आणावा यावर एकमत झाले नाही, हे सांगावयास नकोच.

राखीव कराचा अनुभव आपल्याला नवा नाही. महाराष्ट्रातील प्रत्येक शिक्षकाच्या व कारकुनाच्या पगारपत्रकावर दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात, तो व्यवसाय कर १९७५ च्या कायद्याने रोजगार हमी योजनेसाठी बसविलेला आहे. दुष्काळी भागातील मजुराला शहरातील पगारदाराने दिलेला तो हात होता. २००५ च्या केंद्रीय कायद्यानंतर मजुरीचा मोठा भार दिल्लीकडे गेला; कपात मात्र चालूच राहिली, आणि ती कशासाठी होते हे विचारले तर कार्यालयातील दहांपैकी किती जण सांगू शकतील, याची शंका आहे. अमेरिकन शिकारी आपला कर राखण्यासाठी धावून गेला, याच्या मुळाशी त्याला त्याचा हेतू ठाऊक असणे हेच आहे. वनक्षेत्र अन्य कामांकडे वळविताना घेतल्या जाणाऱ्या भरपाईचा आपला ‘कॅम्पा’ निधी तर याहून विचित्र. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने त्यातून राज्यांना ४७ हजार कोटींहून अधिक रक्कम दिली. जंगल जितके अधिक तुटेल तितका जंगलासाठी निधी अधिक. भीती जितकी वाढेल तितका हरणासाठी पैसा अधिक, याच जातीचा हा प्रकार.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार संपली, आणि ती परत यावी असे येथे कोणीही सुचवीत नाही. विदर्भातील शेतकऱ्याला नीलगाय व रानडुकरांचा उपद्रव होतो. २०१५ मध्ये राज्याने त्यांना मारण्यास सशर्त परवानगी दिल्यावर पुढच्याच वर्षी केंद्रातील दोन मंत्र्यांत त्यावरून जाहीर खडाजंगी झाली. आपल्या जनावरांचे रक्षण हे सर्वसाधारण तिजोरीच्या आणि बांधावर रात्र जागविणाऱ्या शेतकऱ्याच्या खर्चाने चालते. नुकसानभरपाईचे अर्ज, पंचनामे आणि विलंब या मार्गाने त्यातला शेतकऱ्याचा वाटा वाढतच जातो.

अमेरिकेतील राज्यांपुढे तातडीचे संकट आणखी एक उभे आहे. १९६७ मध्ये कोलोरॅडोतील संशोधन-केंद्रात प्रथम दिसलेला, हरणांना झिजवून मारणारा रोग आता तीसहून अधिक राज्यांत पोचला आहे. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही. पण बाधित जनावराचे मांस खाऊ नये असा सल्ला दिला जातो, आणि मारलेल्या हरणाची तपासणी करून घेण्याची पाळी शिकाऱ्यावर येते. कळप विरळ ठेवणे हा जे थोडे उपाय हाती आहेत त्यांतला एक. त्यासाठी शिकारी हवेत, आणि मांसाबद्दल धास्ती वाटणारे शिकारीच नेमके घरी बसतात. तपासणीच्या प्रयोगशाळा, नमुने गोळा करणारी माणसे व मेलेल्या जनावरांची विल्हेवाट यांचा खर्च राज्यांच्या वन्यजीव खात्यांवर पडतो; आणि त्या खात्यांच्या पुढील वर्षीच्या जमेचा अंदाज अजूनही पिस्तुलाच्या बाजारात मंदी आहे की तेजी, हे पाहूनच मांडावा लागतो.